एकट्याच्या खेळातील दुसरा

रात्रीची जेवणे आटोपली आहेत, घरातील माणसे निजली आहेत आणि एक तरुण संगणकाच्या पडद्यासमोर बसला आहे. तो लिहितो, 'मी वाड्याचे दार ढकलतो.' क्षणभराने उत्तर उमटते, की दाराला आतून कडी आहे आणि आत कोणी तरी चालल्याची चाहूल लागते आहे. तो विचार करतो, पुन्हा काही लिहितो, पुन्हा उत्तर येते. समोर प्रतिस्पर्धी नाही, पट नाही, पैज नाही. एका कल्पित पात्राची भूमिका घ्यावयाची आणि त्या पात्रावर पुढे काय प्रसंग ओढवतात हे खेळता खेळता पाहावयाचे, एवढाच हा खेळ आहे. आणि तो एकट्याने खेळावयाचा आहे.

हे ऐकून एखाद्या वडीलधाऱ्या श्रोत्याच्या मनात सहजच शंका येईल. सोंग आपणच घ्यावयाचे, गोष्ट आपणच रचावयाची आणि वाहवाही आपली आपणच करावयाची, याला खेळ तरी कसे म्हणावे? शंका रास्त आहे. एकटी मुलगी भातुकली मांडून बसते तेव्हा तिचे राज्य निष्कंटक असते. बाहुली रुसावी असे वाटले की ती रुसते, हसावी असे वाटले की हसते. त्या चुलीवरचा भात कधी करपत नाही. म्हणूनच भातुकली लहानपणी गोड लागते आणि म्हणूनच एका वयानंतर ती मागे पडते. मोठ्या माणसाला गोष्टीत गोडी वाटते ती भात करपण्याची धास्ती असते म्हणून. पण एकट्याच्या खेळात तो करपविणार कोण?

आमच्या मते या खेळाचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे. खेळणारा एकटा असला, तरी त्याला 'नाही' म्हणणारा कोणी तरी दुसरा लागतो. हा दुसरा कधी माणूस होता, कधी फासा झाला, कधी पुस्तक झाले, कधी यंत्र झाले. तो कोण आहे यावर खेळाची प्रत ठरत आली आहे. म्हणून या दुसऱ्याचाच माग आपण आज काढू या.

बुद्धिबळाचे मूळ आपल्या चतुरंगात आहे, हे सर्वश्रुत आहे. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग या गृहस्थांनी बुद्धिबळाचाच विस्तार करून सोळाशेंहून अधिक घरांचा एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. पुढे १८१२ मध्ये प्रशियातील फोन राइसविट्स यांनी चौकटीची घरे टाकून दिली आणि डोंगर-नद्यांचा उठाव असलेला खेळ राजे तिसरे फ्रीड्रिख विल्हेल्म यांस सादर केला. त्यांच्या सैनिक मुलाने तो सुधारून १८२४ मध्ये नकाशावर आणला. याचेच नाव 'क्रीग्सश्पील'. यात दोन पक्षांच्या मधोमध एक पंच असे. दोन्ही पक्षांनी आपापले हुकूम कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावयाचे. शत्रू कोठे आहे हे सारे पंचाला ठाऊक. पण खेळणाऱ्याला मात्र जेवढे प्रत्यक्ष रणात दिसले असते तेवढेच दाखवावयाचे, असा दंडक होता. किती सैनिक पडले हे फासे आणि कोष्टके यांनी ठरे. बुद्धिबळात सारा पट दोघांनाही सारखाच दिसतो. येथे प्रथमच पटावर अज्ञात आले आणि त्या अज्ञाताचा राखणदार म्हणून तिसरा माणूस आला.

ही कोष्टके पुढे इतकी वाढली की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये प्रशियाचेच एक सेनानी व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ यांनी असा पक्ष मांडला की, कोष्टके बाजूला ठेवावीत आणि अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निकाल द्यावा. निकाल कोष्टकाने द्यावा की जाणत्या माणसाच्या विवेकाने, अशा दोन वाटा येथे फुटल्या. हा वाद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. कारण पुढे एकटा खेळाडू याच चव्हाट्यावर पुन्हा येऊन उभा राहणार आहे.

ही विद्या अमेरिकेत पोहोचली. तेथील एक सैनिक अधिकारी टॉटन यांनी १८८० मध्ये याच धर्तीवर 'स्ट्रॅटेगोस' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती तो पडला आणि त्यातील पंचाची कल्पना त्याला फार आवडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मित्रांना जमवून नेपोलियनच्या काळातील 'ब्राउनश्टाइन' नावाच्या कल्पित गावाचा खेळ मांडला. त्यात सेनापतींखेरीज गावच्या नगराध्यक्षासारख्या मुलकी भूमिकाही त्याने वाटून दिल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कानगोष्टी करू लागले, पंचाने न योजलेल्या गोष्टी करू लागले. सगळा गोंधळ झाला असे समजून वेझली खट्टू झाला. पण मित्र म्हणू लागले की असाच खेळ पुन्हा मांड! सैन्य हलविण्यापेक्षा एका माणसाची भूमिका जगण्यात अधिक गंमत आहे, हे त्यांना उमगले होते. त्यांच्यातीलच डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास हा प्रकार भुयारे आणि राक्षस यांच्या अद्भुत जगात नेला. मग विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांच्यासह त्याने रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये बाहेर पडला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती.

पंच आता नुसता पंच राहिला नाही, तो सूत्रधार झाला. भुयारात काय दडले आहे हे त्यालाच ठाऊक. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक पात्राच्या तोंडून बोलावयाचे तेही त्यानेच. खेळाडू म्हणणार, 'मी उडी मारतो', आणि खंदक केवढा रुंद आहे हे सूत्रधार सांगणार. भात करपविण्याचा अधिकार अशा रीतीने एका जिवंत माणसाच्या हाती गेला.

पण जिवंत माणूस मिळावा लागतो! चार मित्र, एक सूत्रधार आणि सर्वांना मोकळी अशी संध्याकाळ, एवढा सरंजाम ज्याला जमेल त्याचा हा खेळ. आडगावच्या मुलाने काय करावे? रात्रपाळी करणाऱ्याने, अंथरुणाला खिळलेल्याने काय करावे? ही अडचण खेळाच्या जन्मानंतर वर्षभरातच जाणवली असावी. कारण १९७५ च्या वसंत ऋतूत गायगॅक्स यांनी आपल्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात एकट्याने भुयार खेळण्याची कोष्टके छापली. फासा टाकावा, वाट डावीकडे वळते की पुढे खोली लागते, खोलीत राक्षस आहे की ती रिकामी आहे, हे कोष्टकावरून वाचावे. व्हेर्दींनी ज्या कोष्टकांना निरोप दिला होता, ती एकट्या खेळाडूसाठी अशी परत आली. पण कोष्टकाला खोली दाखविता येते, गोष्ट सांगता येत नाही. खोलीमागून खोली येत राहते. त्या खोलीत कोणी का राहते, याचे उत्तर फासा देत नाही.

गोष्ट आणली ती पुस्तकाने. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा सुटसुटीत खेळ काढला होता. त्यासाठी रिक लूमिस यांनी १९७६ मध्ये 'बफेलो कॅसल' ही पुस्तिका लिहिली. तिच्यात सूत्रधाराचे बोलणे आधीच लिहून, सुटे तुकडे करून ठेवलेले होते. डावे दार उघडायचे असेल तर अमुक तुकडा वाचा, उजवे उघडायचे असेल तर तमुक. त्याच वर्षी एडवर्ड पॅकर्ड यांचे 'शुगरकेन आयलंड' हे मुलांचे पुस्तक निघाले. पॅकर्ड वकील होते. रात्री मुलींना गोष्ट सांगता सांगता एकदा त्यांना पुढचे सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले की आता नायकाने काय करावे? दोघींनी दोन निरनिराळी उत्तरे दिली आणि त्यांतून फाटे फुटणाऱ्या पुस्तकाची कल्पना निघाली. हस्तलिखित १९६९ मध्ये तयार झाले, पण छापणारा भेटेपर्यंत सात वर्षे गेली. १९७९ पासून अशा पुस्तकांची मालाच सुरू झाली. १९८२ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे पुस्तक काढले. त्यात क्रमांक घातलेले चारशे परिच्छेद, दोन फासे आणि खेळाडूचे बळ टिपण्याचा तक्ता अशी फासा व पुस्तक यांची जोडी जमली होती.

ज्यांनी ही पुस्तके लहानपणी वाचली त्यांना एक लबाडी आठवत असेल. निवड करताना मागच्या पानात बोट घालून ठेवावयाचे. पुढे मरण लिहिलेले असले की मुकाट्याने परत फिरावयाचे. पाहणारा कोणी नाही, मग चोरी कसली? येथे एकट्याच्या खेळाचे मर्म दिसून येते. दुसऱ्याला फसवून जिंकण्यात निदान जिंकल्याचा आनंद तरी असतो. स्वतःला फसवून जिंकलेल्या भुयारात खजिना सापडतो, पण तो घ्यावासा वाटत नाही. पुस्तक 'नाही' म्हणत होते. ते ऐकावयाचे की नाही, हे खेळणाऱ्याच्या शीलावर सोडलेले होते.

पुस्तक हे शिकवीत होते त्याच काळात यंत्रही सूत्रधाराच्या आसनाकडे सरकत होते. क्राउथर हा मॅसॅच्युसेट्समधील संगणकतज्ज्ञ. त्याला व त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला गुहा धुंडाळण्याचा छंद होता आणि केंटकीतील मॅमथ गुहेच्या मोजणीत दोघांनी काम केले होते. पुढे त्यांचा घटस्फोट झाला. बापापासून दुरावलेल्या दोन मुली भेटीला येत, तेव्हा त्यांना खेळण्यासाठी १९७५-७६ मध्ये विल क्राउथरने संगणकावर एक गुहा रचली. तीत चित्र नव्हते, केवळ शब्द होते. मुलींनी एकदोन शब्दांत आज्ञा लिहावी, यंत्राने पुढे काय दिसते ते लिहून सांगावे. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सच्या हाती हा कार्यक्रम पडला, त्याने लेखकाची परवानगी मिळविली आणि १९७७ मध्ये त्यात पुष्कळ भर घातली. 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' या नावाने तो संगणकाच्या तत्कालीन जाळ्यावरून गावोगाव पसरला. हातातील दिवा विझला आणि तरीही पुढे चालत राहिले, तर खड्ड्यात पडून मरण येई.

एका बापाने आपल्या मुलींसाठी आपले बोलणे यंत्रात ठेवून द्यावे, ही गोष्ट आम्हांस या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. त्या गुहेत मुली एकट्या फिरत होत्या आणि एकट्या नव्हत्याही. यंत्र 'नाही' म्हणे तेव्हा त्या नकारामागे बापाने चालून पाहिलेली खरी गुहा होती.

या यंत्राची उणीव मात्र उघड होती. त्याला मोजकेच शब्द कळत. त्याच परंपरेतील 'झॉर्क'च्या १९८० च्या पहिल्या भागाला सहाशेंच्या वर शब्द येत होते, आणि तेवढ्याचेही त्या काळी अप्रूप वाटे. खेळाडूने त्याबाहेरचे काही लिहिले की यंत्र हात वर करी. हा नकार गोष्टीतला नव्हता, अडाणीपणाचा होता.

याच्या नेमका उलट प्रकार त्याआधीच घडून गेला होता. १९६६ मध्ये एम.आय.टी. या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाच्या कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. माणसाने लिहिलेलेच वाक्य उलटवून प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढीच त्याची करामत. 'मला आईची आठवण येते' असे लिहिले की 'आईविषयी आणखी सांगा' अशा थाटाचे उत्तर यावयाचे. यंत्राला काडीइतके कळत नव्हते. तरीही, हे सारे रचले जात असताना पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या लेखनिक बाईंनीच चार वाक्ये टंकल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. वायझेनबाउम चकित झाले, अस्वस्थही झाले. आणि १९७६ मध्ये त्यांनी यंत्रावर किती भिस्त ठेवावी याविषयी सावध करणारा ग्रंथ लिहिला. जो आपले म्हणणे मुळीच खोडून काढीत नाही, त्याच्यापाशी मन मोकळे करावेसे वाटते, हा मनुष्यस्वभावच आहे.

इकडे फाशांच्या वाटेनेही एक नवी कल्पना निघाली. टॅना पिजन यांच्या 'मिथिक' या पद्धतीने, विशेषतः तिच्या २००६ च्या पुस्तिकेने, एकट्या खेळाडूला सूत्रधाराला प्रश्न विचारावेत तसे प्रश्न फाशाला विचारण्यास शिकविले. 'पहारेकरी जागा आहे काय?' असा हो-नाहीचा प्रश्न करावा. त्याचा संभव किती हे आधी आपल्या विवेकाने ठरवावे. मग फासा टाकावा आणि येईल ते उत्तर शिरोधार्य मानावे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात त्याची येथे कोणालाही आठवण होईल. भेद एवढाच की कौल लावणाऱ्याची देवावर श्रद्धा असते, तर खेळाडूने फाशाशी फक्त करार केलेला असतो. पण पाकळी हवी त्या बाजूला पडेपर्यंत पुनःपुन्हा कौल लावीत बसू नये, हा संकेत दोहोंकडे सारखाच! विवेक आणि कोष्टक यांचे १८७६ मध्ये लागलेले भांडण येथे समेटाने मिटले, असे आम्हांस वाटते. संभव माणसाने ठरवावा, निकाल फाशाने द्यावा.

२०१८ मध्ये शॉन टॉमकिन यांनी 'आयर्नस्वॉर्न' हा खेळ काढून मूळ ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य ठेवला. त्यात आपला एक सहा बाजूंचा फासा, अधिक आपल्या पात्राचा गुण, अशी बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडून पाहावयाची असते. दोहोंवर मात केली तर काम फत्ते, एकावर केली तर काम होते पण काही किंमत मोजून, आणि कोणावरच न झाली तर भात करपला! यांतील मधला निकाल फार मोलाचा आहे. संसारात बहुतेक कामे अशीच, किंमत मोजून होत असतात.

इंटरनेटवर गोष्टींच्या खेळांची रेलचेल झाली ती याच सुमारास. २००९ मध्ये लंडनमधील मंडळींनी 'फॉलन लंडन' हा वाचून खेळावयाचा खेळ सुरू केला. त्यात ठराविक कृती संपल्या की थांबावे लागते. त्याच वर्षी ख्रिस क्लायमस यांनी 'ट्वाइन' हे साधन विनामूल्य दिले आणि फाटे फुटणाऱ्या गोष्टी कोणालाही रचता येऊ लागल्या. अशा गोष्टी वाचकांनीच लिहून एकमेकांस खेळावयास द्याव्यात, अशी स्थळेही चालू लागली.

त्यांपैकी एका स्थळावरील गोष्टी वाचून एक यंत्र शिकले. २०१९ मध्ये अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठातील निक वॉल्टन या विद्यार्थ्याने लेखन करणारी एक कृत्रिम बुद्धिमत्ता घेतली, फाटे फुटणाऱ्या या गोष्टींवर तिला घोटवून घेतले आणि 'एआय डंजन' हा खेळ रचला. डिसेंबरात त्याची सुधारलेली आवृत्ती येताच लोकांची झुंबड उडाली. पॅकर्ड यांच्या मुलींनी दिलेल्या दोन उत्तरांचा वंश असा येथवर येऊन पोहोचला. या सूत्रधाराला शब्द अपुरे पडत नव्हते. काहीही लिहा, तो पुढची गोष्ट सांगणारच. 'मला कळले नाही' हे वाक्यच त्याच्या कोशात उरले नाही.

आणि येथेच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. खेळाडूने लिहावे, 'माझ्या हाती राजाचा मुकुट आहे', की मुकुट हाती आला. कडी लावलेल्या दाराविषयी 'दार उघडेच होते' असे लिहिले की दार उघडे झाले. शिवाय या यंत्राच्या ध्यानात मागील मोजकाच मजकूर राहत असल्याने मेलेला शत्रू दहा वाक्यांनी पुन्हा बोलू लागे. अडाणी यंत्र सारखे 'नाही' म्हणत होते, हे शहाणे यंत्र सारखे 'हो' म्हणू लागले. पुस्तकात निदान बोट घालून ठेवण्याची लबाडी करावी लागे. येथे तिचीही गरज उरली नाही. सारा सरंजाम राजवाड्याचा, पण खेळ पुन्हा भातुकलीचा!

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एप्रिल २०२१ मध्ये या खेळाच्या चालकांनी अल्पवयीनांविषयीचा आक्षेपार्ह मजकूर अडविण्यासाठी चाळणी बसविली. हेतूला कोणी नाव ठेवू शकणार नाही. पण तीत निरुपद्रवी गोष्टीही अडकू लागल्या. आणि अडकलेला मजकूर खाजगी असला तरी चालकांची माणसे तो वाचू शकतात, हे खेळाडूंच्या ध्यानात आले. खळबळ उडाली. एकांत समजून ज्यांनी मनातले लिहिले होते, त्यांना कळले की खोलीत आणखी कोणी असू शकते. वायझेनबाउम यांच्या लेखनिक बाईंना निदान त्यांना बाहेर जावयास सांगता आले होते. येथे बाहेर जा म्हणावे तरी कोणाला?

म्हणून आम्ही असे म्हणतो की, एकट्याच्या खेळाला दोन दुसरे असतात. एक 'नाही' म्हणणारा. तो हवा असतो आणि हल्ली तोच हरवतो. एक गुपचूप ऐकणारा. तो नको असतो आणि हल्ली तो असू शकतो. हा खेळ वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दिवसभर इतरांच्या सोयीने वागणाऱ्या माणसाला रात्री घटकाभर वेगळे आयुष्य जगून पाहावेसे वाटले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? कादंबरी वाचणाराही एकटाच असतो.

ज्यांच्या घरी कोणी असा खेळ खेळत असेल, त्यांनी त्याला रागे भरण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला हा की, तुझ्या गोष्टीत शेवटचे काही बिघडले ते केव्हा? बिघडतच नसेल, तर पडद्याशेजारी दोन फासे ठेवावेत, दाराला कडी आहे की नाही हे त्यांना विचारावे आणि उत्तर यंत्राला सांगून त्यावर ठाम राहावे. यंत्राने गोष्ट सांगावी, निकाल मात्र फाशाने द्यावा. दुसरा प्रश्न हा की, हे तू पोस्टकार्डावर लिहिले असतेस काय? नसतेस, तर तेवढा भाग वहीत लिहावा. वही कोणाला काही सांगत नाही. एवढे पथ्य पाळले तर रात्री त्या वाड्याच्या दारात उभा असलेला तरुण खुशाल आत जावो. परत येईल तेव्हा सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही तरी असेल, आणि ते ऐकण्यास घरातील एखाद्याने जागे राहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.